शेवटच्या बाकावरचा प्याला

मी चर्चमध्ये नोकरी करत होते असं सांगितलं, की लोक मला पाळकसाहेबांची बायको तरी समजतात, नाहीतर सिस्टर तरी. मी दोन्ही नाही. पनवेलच्या आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये मी सत्तावीस वर्षं झाडू मारला, घंटा वाजवली, बाकं पुसली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुलं काढली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे प्याले भरले. कागदोपत्री माझं पद 'सेवक'. ते 'सेविका' करा म्हणून मी दोनदा अर्ज दिला होता, तो वडीलमंडळाच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांच्या, फायलीत अजून पडलेला असेल. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, लिहा काहीतरी. मी म्हटलं, अहो, झाडूबद्दल काय लिहू? त्या म्हणाल्या, मग प्याल्यांबद्दल लिहा. म्हणून लिहिते आहे. प्रवचनाची भीती बाळगू नका, ते खातं माझ्याकडे नव्हतं.

ज्यांना आमच्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. प्रभू येशूने मरणाआधी आपल्या माणसांना जवळ बसवून शेवटचं जेवण घेतलं. त्याची आठवण म्हणून आम्ही महिन्यातून एकदा भाकरीचा बारीक तुकडा खातो आणि घोटभर द्राक्षारस पितो. आमचे प्याले काचेचे, बोटभर उंचीचे. लाकडी ट्रेला गोल भोकं पाडलेली असतात, त्यात एकेक प्याला बसतो. वडीलमंडळातली माणसं तो ट्रे बाकाबाकावर देतात, बाकावरची माणसं हातोहात पुढे करतात, आणि सगळ्यांनी घेतला की पाळकसाहेबांच्या शब्दावर सगळे एकदम पितात. तोवर प्याला हातात धरून डोकं खाली घालून बसायचं.

रस मी करायची. हंगामात काळी द्राक्षं, एरवी काळ्या मनुका शनिवारी सकाळी भिजत घालायच्या, दुपारी उकळायच्या, दोनदा फडक्यातून गाळायच्या. त्यात दारूचा थेंब नसतो. हे मी एवढं ठासून लिहिते, कारण शेजारच्या इमारतीतल्या वहिनींनी मला एकदा हळूच विचारलं होतं, "तुमच्यात बायकाही घेतात म्हणे?" मला असा राग आला! मी वाटीभर रस त्यांच्या दारात नेऊन दिला. त्यांनी आधी वास घेतला, मग बोट बुडवून चाखला, आणि म्हणाल्या, "अय्या, हे तर सरबत आहे." तरी नवऱ्याला काही दिला नाही.

या कामात माझा एक ताठा होता. मी प्याले मोजून भरायची. प्रभुभोजन घेणारे सभासद अठ्ठेचाळीस, तर अठ्ठेचाळीस. शिवाय काकडेआजोबांसाठी एक जास्त, कारण ते एक स्वतःचा घ्यायचे आणि एक वारलेल्या आजींचा. कोण गावाला गेलंय, कुणाची डिलिव्हरी झालीय, हे सगळं मला शनिवारीच ठाऊक असायचं. एक थेंब वाया गेला नाही, असं मी छाती पुढे काढून सांगत असे. पाळकसाहेब म्हणायचे, "रूथबाई, रेशनच्या दुकानात तुम्ही शोभल्या असता." मला ते कौतुकच वाटायचं.

प्याले धुणाऱ्या बाईला मंडळीतलं जेवढं कळतं तेवढं पाळकालाही कळत नाही. कारण आमच्यात अशी समज आहे, की मनात कुणाबद्दल अढी असेल, कुणाचं वाईट केलेलं निस्तरलं नसेल, तर प्याल्याला हात लावू नये. आधी जाऊन समेट करावा, मग घ्यावा. त्यासाठी शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा असते. त्या सभेत आमच्या दोन जावा दर महिन्याला गळ्यात गळे घालून रडायच्या, रविवारी प्याला घ्यायच्या आणि सोमवारी नळावर पुन्हा सुरू. मी म्हणायची, निदान एक दिवस तरी शांतता. पण ज्याला असं वरवरचं जमत नाही, तो ट्रे तसाच पुढे सारतो. मग एक भरलेला प्याला माझ्याकडे परत येतो. परत आलेला प्याला धुताना मी मनात एक नाव धरायची, आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

शमुवेलचा प्याला पाच वर्षं परत येत होता.

शमुवेल मूळचा जालन्याकडचा, वडिलांबरोबर लहानपणीच पनवेलला आलेला. एमआयडीसीत मशिनी दुरुस्त करण्याचं, फिटरचं काम. पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा, हाताला गुण असलेला माणूस. चर्चचा पंप, घंटेचा दोर, गळका नळ, सगळं तोच बघायचा, आणि चहासुद्धा घ्यायचा नाही. बसायचा शेवटच्या बाकावर, दाराच्या टोकाला. त्याच बाकाच्या आतल्या टोकाला मी. म्हणजे ट्रे माझ्या हातून त्याच्याकडे जायचा, आणि तो प्याला न घेता ट्रे शेजारी उभ्या वडीलमंडळातल्या भालेरावकाकांच्या हातात द्यायचा.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पहिल्या वर्षी वाटलं, दारू पीत असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, बाहेर काही भानगड असेल. बायको तर मला सुखी दिसत होती. शेवटी एका शनिवारी दुपारी तो मोरीतला नळ बदलायला बसला होता, मी मनुका गाळत होते, तेव्हा सरळ विचारलं. "शमुवेल, तू प्याला का घेत नाहीस रे? एवढं काय केलंयस?"

तो पाना फिरवत राहिला. मला वाटलं, चिडला. मग तो नळाकडे बघूनच बोलायला लागला.

आधी तो ज्या कारखान्यात होता तिथे पत्र्याचे डबे व्हायचे. मोठा प्रेस. पायाने पेडल दाबलं की वरून साचा धाडकन खाली येतो आणि पत्रा कापला जातो. हात आत राहू नये म्हणून पुढे एक जाळी असते. जाळी असली की काम हळू होतं, म्हणून फिटर लोक कधी कधी ती काढून ठेवायचे. त्या दिवशी शमुवेलने काढली आणि पाळी बदलताना परत बसवायची राहिली. पुढच्या पाळीला त्या प्रेसवर नामदेव आला. शिरढोणच्या पुढच्या गावातला, आगरी, शेतीबरोबर कंपनीत लागलेला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

"चौकशी झाली," शमुवेल म्हणाला. "मला विचारलं, जाळी कुणी काढली. मी म्हटलं, मला माहीत नाही. मग साहेबाने विचारलं, माणूस प्यायला होता का? तो प्यायला होता असं मी म्हटलं नाही, मावशी. मी म्हटलं, वास येत होता."

"आणि येत होता का?"

"नामदेवच्या गळ्यात तुळशीची माळ होती. तो माणूस डब्यात कांदासुद्धा आणत नव्हता."

मी गाळणं खाली ठेवलं. मला त्या शेजारच्या वहिनींनी एकदा नुसतं विचारलं होतं, तर मी आठ दिवस धुमसत होते. आणि इथे एका माळकऱ्याच्या तोंडाला याने वास चिकटवला होता. हात गेला, नोकरी गेली, आणि गावात नाव झालं की प्यायल्यामुळे गेला. कंपनीत त्या गावची आणखी माणसं होती, बातमी त्याच्या आधी घरी पोचली. भजनात तो पुढे बसायचा, तिथून त्याला मागे सरकवलं. नामदेव दारू पिऊन कामावर आला म्हणून काढला, असा कागद कंपनीच्या नोटीस बोर्डावर लागला, तो शमुवेलने स्वतः वाचला होता. या गोष्टीला तेव्हाच पाच वर्षं झाली होती.

"वास म्हटलं की कुणाला पुरावा द्यावा लागत नाही," तो म्हणाला. "म्हणूनच मी तो शब्द वापरला. आणि आता हा प्याला तोंडाशी नेला की मलाच माझ्या तोंडाचा वास येतो."

मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी घाईने म्हटलं, "देवाने क्षमा केली असेल रे. तू मनापासून मागितली असशील तर केलीच असेल. घे उद्या." तो नुसता हसला आणि नळ घट्ट करून निघून गेला.

मी पाळकसाहेबांकडे गेले. नाव घेतलं नाही, पण त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याशी माझा वादच झाला. मी म्हटलं, आधी त्या माणसाकडे जायचं की आधी प्याला घ्यायचा, एकदा काय ते सांगा. ते म्हणाले, "त्या माणसाकडे गेल्याची मजुरी म्हणून क्षमा मिळत नाही, रूथबाई. ती आधीच मिळालेली असते, म्हणून तर जायचं बळ येतं." मी म्हटलं, मग तो जात का नाही? ते म्हणाले, "मिळाली आहे यावर अजून त्याचा विश्वास बसत नाही." मला हे फार गोल गोल वाटलं. मी म्हटलं, साहेब, पाच वर्षं माझा रस वाया जातोय. ते म्हणाले, "तुम्ही भरत राहा."

मी भरत राहिले, पण कुरकुरत. दर महिन्याला शमुवेलला डोळ्यांनी विचारायची, गेलास का? तो मान खाली घालायचा. मला त्याचा कंटाळा यायला लागला. हे मी आज कबूल करते. एखाद्याचं दुःख आपल्याला कळलं की सुरुवातीला आपण त्याच्यासाठी हळहळतो, पण तो त्याचं काहीच करत नाही म्हटल्यावर चिडायला लागतो. आणखी वर्ष गेलं. एका शनिवारी मनुका जरा कमी होत्या. मी प्याले मांडले, अठ्ठेचाळीसवर आले, आणि हातातला एक परत कपाटात ठेवला. काकडेआजोबांचा नाही, शमुवेलचा. तो कुठे घेणार आहे? उगाच कशाला.

दुसऱ्या दिवशी ट्रे मागे येत येत आमच्या बाकाशी आला. भालेरावकाकांनी माझ्या हातात दिला. एकच प्याला उरला होता. तो मी घेतला आणि ट्रे शमुवेलकडे केला.

त्याने हात पुढे केला.

सहा वर्षांत पहिल्यांदा. इस्त्रीचा पांढरा शर्ट. बोटं ट्रेपर्यंत आली, आणि ट्रेमध्ये नुसती भोकं. तो त्या भोकांकडे बघत राहिला. मग हात हळूच मागे घेऊन मांडीवर ठेवला. भालेरावकाकांना मेल्यांना काही कळलं नाही, ट्रे घेऊन ते पुढे चालते झाले.

माझा प्याला माझ्या हातात होता. भरलेला. पाळकसाहेबांनी अजून प्यायला सांगितलं नव्हतं. हात लांब केला असता तर तो त्याला देता आला असता, दीड हाताचं तर अंतर. मी दिला नाही. कंजूषपणा नव्हता तो, मला काही सुचलंच नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आता सगळ्यांना कळणार रूथबाईचे प्याले कमी पडले. मग पाळकसाहेबांनी सांगितलं आणि मी सगळ्यांबरोबर तो पिऊन टाकला. त्याच्यासारखा कडू घोट मी जन्मात घेतला नाही.

उपासना संपल्यावर शमुवेल कुणाशी हात न मिळवता निघून गेला. पुढचे दोन रविवार आला नाही. पंप बंद पडला, तरी फोन उचलला नाही. मी स्वतःला समजावत होते, की येईल, रागावला असेल. मग त्याची बायको बाजारात भेटली. ती म्हणाली, "जेवत नाही नीट. म्हणतो, देवाने सांगून टाकलं, तुझ्यासाठी ठेवलेला नाही."

बाई गेली तरी मी भाजीवाल्यासमोर तशीच उभी. माझ्या काटकसरीला तो देवाचा निकाल समजला होता.

बुधवारी दुपारी त्याची सुट्टी असते. मी रिक्षा करून त्याच्या घरी खांदा कॉलनीत गेले. तो एकटाच होता. पाणी द्यायला उठला, मी म्हटलं, बस. आणि सांगितलं. मनुका कमी होत्या तेही नीट सांगितलं आणि तेवढंच कारण नव्हतं तेही सांगितलं. "देवाचा त्यात हात नव्हता रे. माझा होता. मी तुला मोजलंच नाही."

एवढं बोलायला मला किती जड गेलं! मी वयाने मोठी, आयुष्य चर्चमध्ये गेलेली, तरीही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की शमुवेल सहा वर्षं का गेला नव्हता.

त्याने उठून मला पाणी आणून दिलं. मग म्हणाला, "मावशी, त्या रविवारच्या आधी मी नामदेवकडे जाऊन आलो होतो."

"मग?"

"तो दुकानात बसला होता. घराच्या ओट्यावर लहान किराणा दुकान टाकलंय. मी सांगितलं सगळं. त्याने ऐकून घेतलं, आणि म्हणाला, मना कशाला सांगतंस? मी नाय पियालो हे मना म्हाइत हाय. सांगाचा हाय त गावाला सांग. माजे बायकोला सांग." शमुवेलने तोंडावरून हात फिरवला. "मी हो म्हटलं आणि तिथून पळून आलो. वाटलं, त्याला सांगितलं ना, पुष्कळ झालं. रविवारी घेऊन टाकू. म्हणून तर मला वाटलं, प्याला नव्हता ते बरोबरच."

"प्याला नव्हता कारण मी कपाटात ठेवला," मी म्हटलं. "ते तू देवावर ढकलू नकोस आणि मीही ढकलणार नाही. आता गावात कधी जायचं ते सांग. मी येते."

आम्ही पुढच्या रविवारी दुपारी गेलो. पळस्प्याच्या नाक्यावरून रिक्षा केली. वाटेत शमुवेल दोनदा म्हणाला, रिक्षा थांबवा, आणि दोन्ही वेळा उतरून रस्त्याच्या कडेला उभा राहून परत आत बसला. रिक्षावाल्याने मला विचारलं, "यांना गाडी लागते का?" मी म्हटलं, हो.

नामदेव दुकान बंद करून आमच्यासोबत देवळापाशी आला. किडकिडीत माणूस, पन्नाशीचा, गळ्यात माळ, उजवा हात खिशात. देवळासमोरच्या पारावर आठ-दहा पुरुष बसले होते. नामदेव म्हणाला, "यो कंपनीतला शमुवेल. याला कायतरी बोलाचा हाय," आणि बाजूला उभा राहिला. शमुवेलने हात जोडले. भाषण वगैरे काही नाही. तो म्हणाला, "त्या दिवशी मशिनीची जाळी मी काढली होती. नामदेवदादा प्यायलेले नव्हते. वास येत होता असं मी साहेबाला सांगितलं, ते खोटं होतं. माझी नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो."

 मग एक म्हातारा म्हणाला, "आता सांगून काय उपेग?" आणि एक तरणा धिप्पाड गडी उठला आणि शमुवेलची कॉलर धरली. मी मध्ये शिरणार, तेवढ्यात नामदेवने डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "सोड त्याला. माजा एक हात गेलाय तवडा पुरे हाय." तो गडी मागे सरला. म्हातारा खाली बघत राहिला. भजनात नामदेवला मागे सरकवणारा तोच होता, हे मला नंतर कळलं.

खरी परीक्षा पुढे होती. नामदेवची बायको गोमती घरात होती. तिला पारावरचं कुणीतरी आधीच जाऊन सांगितलं होतं. आम्ही ओट्यावर पोचलो तेव्हा ती दारात उभी होती, उंच, काळीसावळी, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. शमुवेलने तिलाही तेच सांगितलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"रोज सांचे तू घरी आयलास की मी तुजा तोंड हुंगीत होते," ती म्हणाली. "इतकी वर्सं. पानी द्याचे निमतानं जवल येत होते आनि हुंगीत होते. कदी वास नाय आयला. तरी दुसरे दिवशी परत हुंगीत होते."

नामदेव म्हणाला, "मना म्हाइत हाय."

"म्हाइत हाय?"

"तू पानी घेऊन आयलीस की मीच तोंड पुडं करीत होतो."

ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली. नामदेव तिच्याशेजारी बसला. आम्ही दोघं परकी माणसं त्या ओट्यावर कुठे बघावं ते न कळून उभी होतो. मी माझ्या आयुष्यात पश्चात्तापावरची शेकडो प्रवचनं बाकं पुसता पुसता ऐकली आहेत. पण एका खोट्या शब्दाने दोन माणसांची रोजची संध्याकाळ कशी खाल्ली, हे मी त्या दिवशी पाहिलं. शमुवेलही पाहत होता. त्याने हुंदका दिला तेव्हा गोमतीने मान वर केली.

"तू रडू नको माजे दारात," ती म्हणाली. "मी तुना माफ नाय करनार."

"नका करू, वहिनी," शमुवेल म्हणाला.

नामदेव उठला. "ती नाय करनार. मी पन अजून केलाय का नाय ते मना म्हाइत नाय. बस. चाय पिऊन जा." तो स्वतः आत गेला. डाव्या हाताने एकेक कप असे चार खेपांत चार कप बाहेर आणले. गोमतीने तिचा घेतला नाही, तो ओट्यावर थंड झाला. शमुवेलने त्याचा संपवला. माझ्या माहितीप्रमाणे सहा वर्षांत त्याने दुसऱ्याच्या घरी काही तोंडाला लावल्याचं ते पहिलंच.

परतताना पळस्प्याला शमुवेलने रिक्षाचे पैसे दिले. मग म्हणाला, "मावशी, तिने माफ केलं नाही."

"नाही केलं. तिचा हक्क आहे."

"मग मी प्याला घेऊ का?"

असल्या प्रश्नांवर माझं मत तयार असायचं, आणि न विचारताही मी ते देत असे. त्या दिवशी मला काही सांगता येईना. मी म्हटलं, "मी फक्त भरते रे बाबा. पण तुझा भरणार, एवढं नक्की."

घरी न जाता मी तशीच पाळकसाहेबांकडे गेले आणि कमी ठेवलेल्या प्याल्याचं सांगितलं. मला वाटलं होतं, ओरडतील. ते चष्मा काढून बसले. म्हणाले, "मी त्याला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, तयार झालास की मला कळव. त्याने कळवायची वाट बघत बसलो. शिरढोण इथून किती लांब आहे? मलाही त्याच्याबरोबर जाता आलं असतं." आम्ही दोघं मग त्यांच्या व्हरांड्यात नुसतेच बसलो. त्यांच्या बायकोने विचारलं, कोण वारलं का?

पुढचा पहिला रविवार आला. मी मनुका दुप्पट आणल्या होत्या. प्याले मोजले नाहीत, ट्रेला जितकी भोकं होती तितके सगळे भरले. हे लिहायला सोपं आहे, पण माझ्यासारख्या बाईला फार कठीण गेलं, हात सारखा मोजायला लागत होता. शमुवेल आला, शेवटच्या बाकावर दाराच्या टोकाला बसला. नामदेवने पुन्हा बोलावलंय, दुकानाच्या शटरचं काहीतरी काम आहे, एवढं त्याने मला कानात सांगितलं. गोमतीबद्दल काही बोलला नाही.

ट्रे मागे आला. भालेरावकाकांनी माझ्या हातात दिला. प्याले पुष्कळ उरले होते. मी एकालाही हात न लावता ट्रे शमुवेलपुढे धरला, कारण मागच्या वेळी हातात भरलेला प्याला असून मी त्याला दिला नव्हता, आणि ते माझ्या मनात अजून निस्तरलेलं नव्हतं. त्याने एक उचलला. मला वाटलं आता तो ट्रे काकांकडे देईल. त्याने माझ्या रिकाम्या हाताकडे बघितलं. मग ट्रे माझ्याकडून घेतला आणि परत माझ्यापुढे केला.

"मावशी, घ्या."

मी नको म्हणून मान हलवली. भालेरावकाका हात पुढे करून उभे होते. समोर पाळकसाहेब थांबले होते, त्यांना मागे काय चाललंय ते दिसत होतं आणि त्यांनी घाई केली नाही. एकेक करून माणसं मागे वळून बघायला लागली. शमुवेलने ट्रे माझ्यापुढून हलवला नाही.

मी घेतला.